ग्वाल्हेरचे दगड कोणी वाहिले?



मागच्या जानेवारीत आमच्या मंडळीतले आम्ही अकरा जण ग्वाल्हेरला जाऊन आलो. तीर्थयात्रा नव्हती, अधिवेशन नव्हते, कुणाचे लग्नही नव्हते. निमित्त घडले ते एका फोटोचे. आमच्यातल्या एका भगिनीचा जावई नोकरीसाठी नेदरलँड्सला असतो. त्याने ड्रेन्थे नावाच्या ग्रामीण भागात सुट्टी घालवली आणि तिथल्या प्रचंड धोंड्यांचे फोटो पाठवले. चार-पाच धोंडे उभे, वर एक आडवा, आत माणूस वाकून शिरेल एवढी जागा. तिकडे त्यांना ‘हुनेबेड’ म्हणतात, म्हणजे राक्षसांचे बिछाने. नेदरलँड्समध्ये असे 54 उरले आहेत आणि त्यांतले 52 एकट्या ड्रेन्थेत आहेत. पाच हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी आपले मृत ठेवण्यासाठी त्या जागा बांधल्या.

रविवारच्या उपासनेनंतर चहाच्या वेळी ते फोटो हातोहाती फिरले. आजी म्हणाल्या, “एवढे धोंडे उचलले कोणी?” मग पाळकसाहेबांनी यार्देनेतून उचललेल्या बारा धोंड्यांची गोष्ट काढली. बोलता बोलता ठरले की आपणही असे दगड बघायला जाऊ या. नेदरलँड्स काही आमच्या खिशाला परवडणारे नव्हते. पण आमच्या मंडळीतली एक मुलगी लग्न होऊन ग्वाल्हेरजवळ मुरारला राहते. ती कितीदा म्हणाली होती, “या की एकदा. इथे दगडांना तोटा नाही.”

नगरला झेलम एक्स्प्रेस पकडली आणि दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर ग्वाल्हेरला उतरलो. थंडी अशी की आजींनी दोन शाली घेतल्या तरी दात वाजत होते.

निघण्याआधी एक प्रश्न मंडळीत निघाला होता, तो लपवण्यात अर्थ नाही. ग्वाल्हेरला जुने पाहायचे म्हणजे बहुतेक देवळेच पाहायची. ख्रिस्ती माणसाने ती का पाहावी? आमच्यातले मामा यावर ठाम होते. ते चाळीस वर्षे गवंडीकाम केलेले. त्यांनी सांगून टाकले, “मी येतो, पण आत पाय ठेवणार नाही. बाहेरून भिंत बघीन.” त्यांच्या विवेकबुद्धीचा आम्ही मान राखला. आणि खरे सांगायचे तर या प्रवासात सर्वांत जास्त पाहिले ते मामांनीच.

पहिला दिवस चंबळच्या खोऱ्याचा. ग्वाल्हेरहून तासाभराच्या वाटेवर, मुरैना जिल्ह्यात, बटेश्वर नावाची जागा आहे. इथे एका टेकडीच्या उतारावर सुमारे दोनशे लहान-मोठी दगडी देवळे होती. आठव्या शतकापासून पुढे गुर्जर-प्रतिहार राजांच्या काळात ती बांधली गेली. नंतर कधीतरी सगळी कोसळली. भूकंपाने कोसळली असावीत असे अभ्यासक मानतात. पुढची कित्येक शतके तिथे होते ते नुसते दगडांचे ढीग आणि त्यांवर वाढलेली झाडेझुडपे. शिवाय हा दरोडेखोरांचा मुलूख, त्यामुळे सरकारी माणूसही फिरकत नसे.

2005 साली पुरातत्त्व खात्याचे अधिकारी के. के. मुहम्मद यांनी ते ढीग उलगडायला घेतले. त्या वेळी निर्भय गुज्जर या दरोडेखोराचा तिथे दरारा होता. मुहम्मद यांनी स्वतः सांगितलेली हकीकत अशी की, देवळात विडी ओढत बसलेल्या माणसाला त्यांनी हटकले, आणि तोच निर्भय गुज्जर निघाला. मग त्यांनी त्याला समजावले की ही देवळे गुर्जर राजांनी बांधली, तुम्हीही गुज्जर, म्हणजे हा तुमचाच वारसा आहे. काम करू देण्याचे त्याने कबूल केले. त्याच वर्षी तो पोलिसांच्या गोळीने मेला. काम मात्र चालू राहिले आणि साठाहून अधिक देवळे पुन्हा उभी राहिली.

मुहम्मद हे मुसलमान, देवळे शंकराची आणि विष्णूची, राखण एका दरोडेखोराची. आमच्यातला एक तरुण म्हणाला, “गोष्ट खोटी वाटावी इतकी चांगली आहे.”

मामा एका उभ्या केलेल्या देवळाच्या बाहेर बराच वेळ उकिडवे बसून होते. विचारले तर म्हणाले, “नकाशा नसताना ढिगातला दगड त्याच्या जागी बसवायचा म्हणजे काय ते तुम्हाला कळायचे नाही. प्रत्येक दगड उलटापालटा करून बघावा लागतो. खाच कुठे, कूस कुठे. एक दगड चुकला की वरचे दहा चुकतात.” मग त्यांनी अजून तसेच पडलेल्या ढिगाकडे बोट केले. “हे बघा. हे अजून वाट पाहतायत.”

याच जिल्ह्यात आसन नदीच्या खोऱ्यात पहाडगडजवळ लिखीछाजच्या गुहा आहेत. छाज म्हणजे पुढे आलेला कडा, छज्जा. लिखीछाज म्हणजे लिहिलेला छज्जा. लिहिलेले म्हणजे अक्षरे नव्हेत, चित्रे. गेरूच्या लाल रंगात काढलेली माणसे, जनावरे, धनुष्यबाण. आदिमानवाने आरंभ केला आणि पुढे वेगवेगळ्या काळातल्या माणसांनी त्यात भर घातली. आजी गाडीतच थांबल्या, आम्ही चालत गेलो. चित्रे बोटभर ते हातभर आकाराची. एका जागी माणसांची रांग होती. आमच्यातल्या लहान मुलीने विचारले, “यांची नावे काय?” कुणालाच उत्तर देता आले नाही. परतीच्या वाटेवर आम्ही सगळेच थोडे गप्प होतो.

सिहोनियाचे ककनमठ आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले. आधी लांबून धुक्यात फक्त एक काळा सुळका दिसला. मग जवळ गेल्यावर श्वासच अडकला. शंभर फुटांच्या आसपास उंच, आणि बाहेरचा साज कधीच गळून पडलेला. हाडांचा सापळा उभा असावा तसे ते शिवमंदिर उभे आहे. दगड दगडावर ठेवलेला, चुना नाही. कुठे कुठे शिळा बाहेर आलेल्या आहेत आणि आत्ता पडतील असे वाटते. हजार वर्षांत त्या पडलेल्या नाहीत.

तिथे शेळ्या राखणारा एक मुलगा होता. त्याला विचारले, हे कोणी बांधले? तो चटकन म्हणाला, “भूतों ने. एक रात में. सुबह हो गई तो अधूरा छोड़ के भाग गए।”

सगळे हसले. पण आम्हाला लगेच ड्रेन्थेची आठवण झाली. तिथे 1660 साली योहान पिकार्ट नावाच्या एका पाळकाने पुस्तक लिहिले. त्यात त्याने ठामपणे मांडले की हे धोंडे खऱ्याखुऱ्या राक्षसांनी रचले. पुस्तकात चित्रे आहेत, त्यांत राक्षस दगड वाहत आहेत आणि लहान माणसे बघत आहेत. तो शिकलेला माणूस होता, व्यासपीठावरून देवाचे वचन सांगणारा होता. तरी त्याला हे सुचले नाही की साध्या शेतकऱ्यांनी, ओंडके आणि दोर लावून, एकमेकांना हाक देत ते दगड ओढले असतील. आपल्याकडेही डोंगरात कोरीव लेणे दिसले की माणसे सांगतात, पांडवांनी एका रात्रीत केले. राक्षस, भुते, पांडव. साध्या माणसाच्या हातांवर विश्वास ठेवायला आपण इतके नाखूश का असतो?

ककनमठापुरते उत्तर मिळते, आणि तेही दगडावरच मिळते. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर सासबहू नावाचे मंदिर आहे. नाव ऐकून आमच्यातल्या सासवा-सुनांनी एकमेकींकडे पाहून घेतले. ते मूळ सहस्रबाहू, विष्णूचे. 1093 साली कच्छपघात राजा महीपालाने ते पुरे केले आणि तिथे मोठा संस्कृत लेख कोरवला. त्यात त्याचा पूर्वज कीर्तिराज याने सिंहपानीय येथे शिवमंदिर बांधल्याचा उल्लेख आहे. सिंहपानीय म्हणजेच सिहोनिया. भुतांचा हिशेब तिथेच संपला. लेखाच्या शेवटी काव्य रचणाऱ्या मणिकंठाचे, अक्षरे लिहून देणाऱ्या यशोदेवाचे आणि दगडावर छिन्नी चालवणाऱ्या पद्माचेही नाव येते. यशोदेव जैन होता. विष्णूच्या देवळाचा लेख त्याने आपल्या सुंदर अक्षरात लिहून दिला.

मामांना हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, “आणि गवंडी?”

त्यांच्या या प्रश्नाने पुढचे दोन दिवस आमची पाठ सोडली नाही.

किल्ल्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे. वालुकाश्माची सरळ तुटलेली टेकडी, सुमारे अडीच-तीन किलोमीटर लांब आणि जेमतेम अर्धा-एक किलोमीटर रुंद. दंतकथा अशी की सूरजसेन नावाच्या सरदाराला कोड होते. ग्वालिपा नावाच्या साधूने त्याला इथल्या कुंडाचे पाणी पाजले आणि तो बरा झाला. त्या साधूच्या नावावरून ग्वाल्हेर. नामानाची गोष्ट माहीत असलेल्या आपल्या माणसांना ही कथा लगेच ओळखीची वाटेल. फरक एवढाच की नामानाला यार्देनेची वाट दाखवली ती एका धरून आणलेल्या मुलीने, आणि तिचे नाव शास्त्रात दिलेले नाही. साधूचे नाव शहराला मिळाले.

सहाव्या शतकातला हूण राजा मिहिरकुल, मग प्रतिहार, कच्छपघात, दिल्लीचे सुलतान, तोमर, मोगल, गोहदचे जाट राणे, मराठे, इंग्रज. एवढ्या सगळ्यांनी हा किल्ला धरला. 1780 च्या ऑगस्टमध्ये पॉपहॅमच्या शिपायांनी पायांना कापूस-लोकर गुंडाळून रात्री कडा चढला आणि महादजी शिंद्यांच्या हातून किल्ला घेतला. पुढे तो पुन्हा शिंद्यांकडे आला, पुन्हा गेला, आणि 1886 साली झाशीच्या बदल्यात कायमचा परत आला. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी उज्जैनहून इथे आणली. फौजेचा तळ पडला होता तिथे शहर वसले, म्हणून त्या भागाला आजही लष्कर म्हणतात. म्हणूनच इथल्या गल्ल्यांतून मराठी आडनावांच्या पाट्या दिसतात आणि एखाद्या दुकानात हिंदी बोलता बोलता समोरचा म्हातारा चक्क “बसा ना” म्हणतो.

किल्ल्याच्या उरवाई दरवाज्याकडच्या उतारावर कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. पंधराव्या शतकात तोमर राजे डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह यांच्या काळात जैन श्रावकांनी त्या करवल्या. सर्वांत उंच मूर्ती सत्तावन्न फुटांची. 1528 साली बाबर इथे आला. त्याने आपल्या आत्मवृत्तात किल्ल्याचे, मानसिंह तोमराच्या राजवाड्याचे कौतुक केले, आणि या उघड्या मूर्ती फोडण्याचा हुकूम आपण दिला तेही लिहून ठेवले. बहुतेक मूर्तींचे चेहरे फोडले गेले. पुढे जैन समाजाने काहींची डोकी चुन्या-गिलाव्याने पुन्हा केली.

इथे आमच्यातल्या एका बंधूने हळूच म्हटले, “मूर्तीच होत्या ना शेवटी.” त्यावर थोडा वाद झाला. आमचे मत स्पष्ट आहे आणि ते आम्ही इथे मांडतो. आपण मूर्तिपूजा करत नाही. पण दुसऱ्याने भक्तीने केलेल्या वस्तूचे तोंड फोडणे हे काही देवाला प्रिय काम नव्हे. आपल्या स्वतःच्या क्रूसावर, आपल्या कबरस्तानातल्या दगडांवर कुणी घण घातला तर आपल्याला कसे वाटेल, हे सांगायला नको. मामा या वेळी बंधूंच्या बाजूने बोलतील असे वाटले होते. ते एवढेच म्हणाले, “कड्यावर दोर बांधून लोंबकळत हे काम केलेय. निदान त्या माणसाकडे बघा.”

आणि आता ज्यासाठी हे सगळे लिहायला घेतले ते.

किल्ल्यावर चढताना ग्वाल्हेर दरवाज्याच्या बाजूने वाटेत एकाच कड्यातून कोरलेले छोटेसे चतुर्भुज मंदिर लागते. इतके छोटे की लोक पाहतही नाहीत, वर राजवाड्याकडे धावतात. इ.स. 876 मध्ये अल्ल नावाच्या माणसाने ते केले. तो राजा मिहिरभोजाने नेमलेला या किल्ल्याचा कोटपाल, किल्लेदार म्हणा. आपल्या बापाच्या, वैल्लभट्टाच्या नावाने त्याने देवाचे नाव ठेवले. आतल्या भिंतीवर लेख आहे, आणि जगभरचे गणिती तो बघायला येतात, कारण त्यात शून्य आहे. आपण आज काढतो तसेच, छोटे गोल. तारीख पक्की असलेल्या, दगडावर कोरलेल्या भारतातल्या सर्वांत जुन्या शून्यांपैकी ते एक.

मुलांना आम्ही सांगितले की शून्य इथे आहे, तर ती शोधू लागली. पण ते शून्य कशासाठी कोरले आहे ते कुणी विचारत नाही. ते काही गणिताचे पुस्तक नव्हे. देवाच्या फुलबागेसाठी जमीन दिली, ती 270 हात लांब आणि 187 हात रुंद. या 270 मधले ते शून्य. दुसरे शून्य 50 मधले. इथल्या माळ्यांनी कबूल केले की रोज ऋतूप्रमाणे फुलांच्या 50 माळा देऊ. आणि तेल्यांनी कबूल केले की दर घाण्यामागे दरमहा ठरलेले माप तेल दिव्यासाठी देऊ. माळ्यांच्या आणि तेल्यांच्या मुखियांची नावे त्या लेखात एकेक करून दिलेली आहेत.

साडेअकराशे वर्षांपूर्वीचे माळी आणि तेली, नावानिशी! राजवाड्यांच्या वाटेवर, लोक बघत नाहीत अशा खोबणीत.

मामा दाराबाहेर उभे होते. त्यांना हे सांगितले तेव्हा ते दोन पावले पुढे आले, डोके आत घालून बघितले, आणि मागे झाले. काही बोलले नाहीत. आम्हीही काही विचारले नाही.

त्या रात्री मुरारला त्या मुलीच्या घरी कुटुंबप्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी दोन ठिकाणे उघडायला सांगितली. पहिले राजांचे पहिले पुस्तक, पाचवा अध्याय. शलमोनाच्या मंदिराचे बांधकाम. तिथे ओझी वाहणारे सत्तर हजार, डोंगरात दगड फोडणारे ऐंशी हजार, आणि लबानोनात पाळीपाळीने पाठवलेले तीस हजार. आकडे आहेत, नावे नाहीत. दुसरे नहेम्या, तिसरा अध्याय. आपण वाचताना बहुतेक वेळा तो वगळतो, कारण तो नुसत्या नावांनी भरलेला आहे. पडलेल्या यरुशलेमेची भिंत बांधताना कोणी कुठला तुकडा बांधला याची ती यादी. सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारे आहेत, याजक आहेत. शल्लूम नावाचा अधिकारी आहे आणि त्याच्याबरोबर त्याच्या मुली आहेत. तकोवाच्या लोकांनी भिंत बांधली पण त्यांच्यातल्या मोठ्या माणसांनी खांदा दिला नाही, हेही लिहून ठेवले आहे! आजी यावर खूप हसल्या. म्हणाल्या, “प्रत्येक मंडळीत असतात तसले.”

शलमोनाचे मंदिर वैभवाचे होते. पण दगड वाहणाऱ्यांची नावे हवी असतील तर नहेम्याकडे जावे लागते.

तिसऱ्या दिवशी मुरारचा जुना छावणीचा भाग पाहिला. इथे एक गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती आपल्या लोकांना माहीत असायला हवी. 14 जून 1857, रविवार. त्या रात्री मुरारच्या पलटणी उठल्या. मारल्या गेलेल्यांत छावणीचे पाळक जॉर्ज कूपलंड होते. त्यांची पत्नी रूथ गरोदर होती. शिपायांनी बायकांना जाऊ दिले. घरच्या नोकरांनी तिला लपवले, वाट दाखवली, आणि इतर बायकांबरोबर ती आग्र्याला पोचली. तिथल्या किल्ल्यात तिला मूल झाले. 1859 मध्ये तिचे पुस्तक छापून आले. त्यात सूडाची भाषा इतकी आहे की एका पाळकाच्या बायकोने हे लिहिले यावर विश्वास बसत नाही. आम्ही तिला दोष देत नाही, तिचे दुःख आमचे नाही. पण ज्यांनी तिला वाचवले ते नोकरही याच देशाचे होते, आणि सूड मागताना ते तिच्या डोळ्यांपुढून पुसट झालेले दिसतात. बरोबर वर्षभराने, जून 1858 मध्ये, याच मुलखात कोटा की सराय येथे झाशीची राणी लक्ष्मीबाई पडली. माहेरची तांबे, म्हणजे आपल्याच भाषेची लेक. फुलबागेतल्या तिच्या समाधीजवळ आम्ही थोडा वेळ थांबलो.

जयविलास राजवाडाही पाहिला. 1874 चा. त्याचा आराखडा करणारे मायकेल फिलोस हे ख्रिस्ती, शिंद्यांच्या चाकरीतल्या मूळ इटालियन घराण्यातले. मुलांना झुंबरे आणि जेवणाच्या मेजावर धावणारी चांदीची आगगाडी फार आवडली. आमच्यापैकी काहींना तिथे कंटाळा आला, खरे सांगतो.

परतीच्या गाडीत विषय पुन्हा तोच निघाला. ड्रेन्थेमध्ये 1734 साली सरकारने कायदा केला की हुनेबेडचे दगड कुणी नेऊ नयेत. त्या काळी समुद्राच्या बांधांचे लाकूड किडे खात होते, म्हणून बांधांसाठी दगडांना भाव आला होता आणि लोक जुने धोंडे फोडून विकत होते. कायदा झाला म्हणून दगड वाचले. पण कायद्याने दगड वाचतात. नावांचे काय?

हे बोलताना आमच्या स्वतःच्या मंदिराचा विषय निघणे अटळ होते. आमचे मंदिर छप्पनच्या दुष्काळानंतर बांधलेले. काळ्या दगडाचे, जाड भिंतींचे, उन्हाळ्यात आत गार. दाराशी डाव्या हाताला संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर मिशनरी साहेबांचे नाव आहे, पैसे देणाऱ्या परदेशी मंडळीचे नाव आहे, कोनशिलेची तारीख आहे. साहेबांविषयी आम्हाला आदरच आहे, त्यांनी दुष्काळात माणसे जगवली. पण तो काळा दगड खाणीतून कोणी फोडून आणला? बैलगाड्या कोणी हाकल्या? चुना कोणी मळला? आम्ही दर रविवारी त्या पाटीजवळून आत जातो आणि शंभरहून अधिक वर्षांत आमच्यापैकी एकानेही हे विचारले नव्हते. आम्हीच आमच्या मंदिराला ककनमठ करून टाकले होते. भुतांनी बांधले म्हणायचे तेवढे बाकी होते.

मामा म्हणाले, “आपलेच लोक असणार. तेव्हा दुसरे कोण काम करणार होते? गावकुसाबाहेरचे. पोटासाठी दगड फोडत होते, आणि मग त्याच दगडांत बसून प्रार्थना करायला लागले.”

घरी आल्यावर आम्ही पाळकसाहेबांच्या परवानगीने जुन्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या काढल्या. पाने हात लावताच तुटतात. मोडी वाचणारा एक शिक्षक सापडला, तो शनिवारी येतो. काही पानांवर नावापुढे धंदा लिहिलेला आहे. कुठे ‘मजुरी’, कुठे ‘गवंडी’, दोन जागी ‘चुन्याचा घाणा’. आतापर्यंत सात नावे मिळाली आहेत, जी बांधकामाच्या वर्षांतली आहेत आणि त्या कामावर असण्याचा संभव आहे. खात्री नाही. मामा रोज संध्याकाळी मंदिराच्या मागच्या भिंतीवर टॉर्च मारून पाथरवटांच्या खुणा शोधतात. त्यांना एक बाण आणि एक आडवी रेघ सापडली आहे. ते म्हणतात की दोन वेगळे हात आहेत.

मागच्या रविवारी उपासनेनंतर आजी नोंदवहीजवळ आल्या. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी एवढेच विचारले की त्यांच्या आजीचे नाव आहे का, कारण आजी सांगायची की ती नऊ वर्षांची असताना या बांधकामावर पाण्याची घागर वाहत होती आणि संध्याकाळी ओंजळभर जोंधळे मिळत. वहीत ते नाव नव्हते. मुलींची नावे मजुरीत कोण लिहिणार?

आम्ही वेगळ्या कागदावर ते लिहून घेतले. आठवे.